एका वर्षाचे वचन

जबलपूर शहराच्या भर बाजारात कमानिया गेट नावाची एक मोठी कमान उभी आहे. शहराच्या कडेला असलेल्या महाराजपूरसारख्या वस्त्यांतून खरेदीसाठी येणारी माणसे या कमानीखालून जातात, भाजीचा भाव करतात आणि संध्याकाळी घरी परततात. ही कमान १९३९ सालच्या त्रिपुरी काँग्रेसच्या स्मरणार्थ उभारलेली आहे, हे त्यांच्यापैकी काहींना ठाऊक असते, काहींना नसते. नर्मदेच्या परिसरातील त्रिपुरी येथे भरलेले ते अधिवेशन आपल्या राजकीय इतिहासात मतभेदांसाठी गाजले. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तेव्हा तापाने फणफणलेले होते. बावन्नाव्या अधिवेशनाची खूण म्हणून बावन्न हत्तींची मिरवणूक निघाली. परंतु रथात अध्यक्षांच्या जागी त्यांची तसबीर ठेवावी लागली. स्वतः अध्यक्ष रुग्णशय्येवरूनच मंडपात आले.

त्याच मार्च महिन्यात, जबलपूरपासून हजारो मैल दूर, उत्तर चीनमधील येनान येथे पाच भारतीय डॉक्टर जखमी सैनिकांवर उपचार करीत होते. त्यांना तेथे पाठवण्यात ज्यांनी पुढाकार घेतला, ते सुभाषबाबू त्रिपुरीत आजारी पडले होते आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. पाठवणारा पदावरून दूर झाला, तरी गेलेल्यांचे काम थांबले नाही. आपल्या वचनाची मुदत कोठे संपते, हे यापुढे त्या पाच जणांनाच ठरवायचे होते. त्यांच्यापैकी एक सोलापूरचा तरुण होता. त्याने हा निर्णय कसा घेतला, हे समजून घेण्यासारखे आहे.

'मिशन' हा शब्द महाराष्ट्राला नवा नव्हता. मिरजेला 'मिशनचा दवाखाना' म्हटले की कोणालाही पत्ता सांगावा लागत नसे. विल्यम वानलेस या कॅनडाहून आलेल्या ख्रिस्ती डॉक्टरांनी १८९४ साली तेथे रुग्णालय उभारले आणि पुढे वैद्यकीय शिक्षणाचीही सोय केली. समुद्र ओलांडून कोणीतरी येतो, आपली भाषा शिकतो, आपल्या माणसांच्या जखमा धुतो, हे दृश्य मराठी मुलखाने पाहिले होते. त्या सेवेमागे धर्मश्रद्धा होती. धर्मप्रसाराचा हेतूही होता आणि त्यावर वादही झाले. पण रोग्याच्या उशाशी रात्रभर जागणाऱ्या माणसाविषयीची कृतज्ञता त्या वादांच्या पलीकडे टिकून राहिली. या देशाने मात्र आजवर बहुतेक वेळा अशी मदत घेतलीच होती. जो देश स्वतः पारतंत्र्यात होता, ज्याच्या खेड्यापाड्यांत डॉक्टर दुर्मीळ होते, तो दुसऱ्या देशाला डॉक्टर पाठवील, ही कल्पना कोणाला सुचली नसती तरी नवल नव्हते.

ती सुचण्याचे कारण घडले १९३७ साली. त्या वर्षीच्या जुलैमध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. शहरांवर बाँब पडू लागले. जखमींची संख्या इतकी वाढली, की त्यांना पट्टी बांधायलाही माणसे पुरेनात. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदतीची विनंती केली. १९३८ साली काँग्रेसच्या अध्यक्षपदी आलेल्या सुभाषबाबूंनी देशाला आवाहन केले, निधी गोळा झाला, औषधे व उपकरणे जमली आणि स्वेच्छेने जाण्यास तयार असलेल्या डॉक्टरांतून पाच जण निवडण्यात आले. पथकाचे प्रमुख डॉ. अटल. स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने जखमींची सेवा करून आलेले असल्यामुळे युद्धभूमीचा अनुभव असणारे ते एकटेच. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने सर्वांत ज्येष्ठ. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी. आणि पाचवे, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

कोटणिसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. सोलापूरच्या एका मध्यमवर्गीय कुटुंबात, बऱ्याच भावंडांत ते वाढले. मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. त्या काळी मध्यमवर्गीय घरातला मुलगा डॉक्टर होणे म्हणजे साऱ्या घराने त्यासाठी पोटाला चिमटा घेतलेला असे. शिक्षण संपले, की आता याने दवाखाना थाटावा, धाकट्यांच्या शिक्षणाला व लग्नकार्यांना हातभार लावावा, ही अपेक्षा कोणी बोलून दाखवत नसे. ती गृहीतच असे. अशा वेळी अठ्ठावीस वर्षेही पूर्ण न झालेला हा तरुण परदेशी युद्धभूमीवर जाण्यासाठी आपले नाव देतो, ही गोष्ट आज वाचताना जितकी सुंदर वाटते तितकी त्या घराला ती सोपी गेली नसेल. चीन म्हणजे दारावर रेशमी कापड घेऊन येणाऱ्या फेरीवाल्यांचा देश, एवढीच तेव्हा बहुतेक घरांची ओळख होती. तरीही वडिलांनी मुलाला अडवले नाही. जाणे एका वर्षाचेच तर होते.

१ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' बोटीने पाचही जणांनी मुंबई सोडली. हाँगकाँगवरून ते कँटनला पोहोचले, तेव्हा सन यत्सेन यांच्या पत्नी सुंग छिंगलिंग यांनी त्यांचे स्वागत केले. पण स्वागताच्या हारांना फार काळ सुगंध राहिला नाही. त्यांच्या आगमनानंतर काही आठवड्यांतच, ऑक्टोबरमध्ये, कँटन जपान्यांच्या हाती पडले. पाठोपाठ वूहानही पडले. डॉक्टर पुढे आणि युद्ध त्यांच्या मागे, अशी ती वाटचाल होती. नदीमार्गाने मागे सरत ते चुंगकिंग या युद्धकालीन राजधानीत आले. तेथे पाचही जणांना चिनी नावे मिळाली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी 'हुआ' हे अक्षर होते. 'हुआ' म्हणजे चीन. द्वारकानाथ कोटणीस आता 'क दीहुआ' झाले.

याच चुंगकिंगमध्ये त्यांना एक बातमी कळली. सोलापुरात वडिलांचे निधन झाले होते.

येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. वडील गेले आहेत, घरी आई आहे, भावंडे आहेत आणि आपण शिकलेले, कमावते होऊ शकणारे. अशा मुलाने परत फिरणे हे त्या काळच्या आणि आजच्याही समजुतीप्रमाणे कर्तव्यच ठरले असते. कोटणीस परतले असते तर कोणी त्यांना भित्रे म्हटले नसते. सहकाऱ्यांनीही समजून घेतले असते. दोन्ही बाजूंना कर्तव्यच उभे होते. एका बाजूला रक्ताच्या नात्याचे, दुसऱ्या बाजूला दिलेल्या शब्दाचे. चांगले आणि वाईट यांतून निवड करणे त्यामानाने सोपे असते. दोन चांगल्या गोष्टींतून एक निवडताना दुसरी सोडल्याची वेदना आयुष्यभर जवळ बाळगावी लागते. कोटणिसांनी पुढे जाण्याचे ठरवले. आपण जे काम अंगावर घेतले आहे ते अजून सुरूही झालेले नाही, मग परत कसे जायचे, हा त्यांच्या पुढच्या प्रत्येक कृतीतून दिसणारा विचार होता.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. तेथील डोंगरांत कोरलेल्या गुहांत माणसे राहत, शाळा भरत आणि रुग्णालयेही चालत. काही महिन्यांच्या सेवेनंतर डॉ. चोळकर आणि डॉ. मुखर्जी मायदेशी परतले. वय, प्रकृती आणि ठरलेली मुदत, या कशाकडेच पाहिले तरी त्यांच्या परतण्यात उणेपणा काढता येत नाही. जो साठीकडे झुकलेला डॉक्टर नागपूरचा आपला व्यवसाय सोडून बाँबच्या वर्षावात जातो, त्याने आपला वाटा उचललेलाच असतो. इतिहास बहुधा एकाचेच नाव लक्षात ठेवतो. परंतु सेवेचा हिशोब एकाच नावावर मांडता येत नाही.

उरलेले तिघे त्याच वर्षाच्या अखेरीस आघाडीकडे निघाले. ज्या भागात त्यांना जायचे होते, तेथे त्यांच्या आधी एक परदेशी डॉक्टर काम करीत होता. नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे नावाजलेले शल्यविशारद. त्यांचे वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. मुलगा साम्यवादी झाला. जखमी माणूस रुग्णालयापर्यंत येईतो मरतो, म्हणून रुग्णालयानेच जखमीकडे गेले पाहिजे, हे बेथ्यून यांचे सूत्र होते. शस्त्रक्रियेचे साहित्य खेचरांच्या पाठीवर लादून ते डोंगराळ खेड्यांतून फिरत. एखादे देऊळ किंवा शेतकऱ्याचे घर हीच शस्त्रक्रियेची खोली. हातमोजे नेहमी मिळत नसत. अशाच एका शस्त्रक्रियेत बोट कापले, विष रक्तात भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी बेथ्यून मरण पावले. पेनिसिलिन अजून रोग्यांपर्यंत पोहोचायचे होते. त्या काळी बोटाची एवढीशी जखमही डॉक्टरचा प्राण घेऊ शकत असे.

याच प्रदेशात कॅथलीन हॉल नावाची न्यूझीलंडची मिशनरी परिचारिका एका खेड्यात दवाखाना चालवीत होती. बेथ्यून देव मानत नव्हते, ती देवाच्या नावाने आलेली. तरी त्याच्या रुग्णालयासाठी जपान्यांच्या पहाऱ्यातून पेकिंगहून औषधे आणण्याचा धोका तिने पत्करला. प्रशिक्षित परिचारिकांनाही तिने या भागाकडे येण्यास साहाय्य केले. अखेर जपान्यांनी तिचे मिशन जाळले आणि तिला तेथून जावे लागले. धर्मश्रद्धेने आलेली परिचारिका, राजकीय विचाराने आलेला कॅनडाचा डॉक्टर आणि राष्ट्रीय सभेच्या हाकेला ओ देऊन आलेला सोलापूरचा तरुण, हे तिघे तीन वेगळ्या वाटांनी एकाच खेड्यांच्या मुलखात आले. जखमीला यांतील कोणाचाही विचार ठाऊक असण्याची गरज नव्हती. त्याला पट्टी बांधणारा हात हवा होता.

१९४० साली डॉ. अटल प्रकृतीमुळे परतले. डॉ. बसू आणि कोटणीस पुढे गेले. बसू काही काळाने पुन्हा येनानला गेले आणि १९४३ साली भारतात परतले. पुढे ॲक्युपंक्चर ही चिनी उपचारपद्धती आपल्या देशात आणण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. कोटणीस मात्र त्या डोंगराळ प्रदेशातच राहिले. एका वर्षाची मुदत केव्हाच उलटून गेली होती.

१९४० च्या उत्तरार्धात चिनी सैन्याने मोठी चढाई केली, तेव्हा जखमींची रीघ लागली. दिवसरात्र शस्त्रक्रिया चालत. सलग तीन दिवस झोपेविना काम केल्याच्या त्यांच्या आठवणी तेथे सांगितल्या जातात. शस्त्रक्रिया संपली, की डॉक्टर स्वतः जखमीच्या जवळ बसत. 'आता कसे वाटते?' हा प्रश्न ते दुभाष्याकरवी विचारत नसत. त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली होती. केवळ बोलण्यापुरती नव्हे, तर वाचण्या-लिहिण्याइतकी.

ही भाषा शिकण्याची गोष्ट साधी वाटते, पण कोटणिसांच्या सेवेचे मर्म तिच्यातच आहे. थोड्या दिवसांसाठी आलेल्या परक्या डॉक्टरला दुभाष्यावर भागवता येते. तो रोग ओळखतो, चाकू चालवतो, औषध देतो आणि निघून जातो. त्याने वाचवलेले प्राण खरेच वाचलेले असतात. त्याची सेवा खोटी नसते. मात्र तो गेला की पुढच्या जखमीचे काय, हा प्रश्न मागे उरतो. त्या प्रश्नाला एकच उत्तर असते : जाण्यापूर्वी दुसऱ्याला शिकवणे. आणि शिकवायचे तर शिकणाऱ्याच्या भाषेत शिकवले पाहिजे. बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या वैद्यकीय शाळेत कोटणीस चिनी भाषेत शल्यशास्त्र शिकवू लागले. शेतकऱ्यांची मुले पुढ्यात बसलेली, पुस्तके अपुरी, मानवी शरीराचे नमुने नाहीत. तेव्हा त्यांनी स्वतःच शल्यशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहावयास घेतले. जानेवारी १९४१ मध्ये त्यांच्याकडे बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद आले. त्यांच्या हाताखाली शिकून शेकडो तरुण वैद्यकीय कामासाठी बाहेर पडले.

त्याच रुग्णालयाच्या परिसरात क्वो छिंगलान ही परिचारिका काम करीत होती. पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम केलेली ही तरुणी कॅथलीन हॉलच्या साहाय्याने या भागात आलेली होती. दोघांचा विवाह नोव्हेंबर १९४१ मध्ये झाला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये मुलगा जन्मला. त्याचे नाव ठेवले 'यिनहुआ'. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. दोन देशांची नावे एका पाळण्यात झोपली होती.

परंतु वडिलांच्या शरीराने आधीच इशारा दिला होता. कोटणिसांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. निकृष्ट अन्न, थंडी, रात्रीची जागरणे आणि शत्रूचा सततचा वेढा यांत विश्रांती शक्य नव्हती. उपचारासाठी दुसरीकडे जावे, असे त्यांना सुचवण्यात आले. त्यांनी काम सोडले नाही. डॉक्टर असल्यामुळे आपल्या आजाराचा अर्थ त्यांना कळत नव्हता, असे म्हणता येत नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, हपे प्रांतातील एका लहानशा खेड्यात त्यांचे निधन झाले. मुलगा तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता. लिहावयास घेतलेल्या पुस्तकांपैकी एक अपुरेच राहिले.

त्यांच्या मृत्यूनंतर माओ त्से तुंग यांनी शोकसंदेश लिहून, सैन्याने एक साहाय्यकर्ता आणि राष्ट्राने एक मित्र गमावल्याची भावना व्यक्त केली. भारतात ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकाची कहाणी पुस्तकरूपाने सांगितली आणि व्ही. शांताराम यांनी १९४६ साली 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. कोटणिसांचे अवशेष पुढे शिज्याच्वांग येथील हुतात्मा स्मारकात आणण्यात आले. बेथ्यून यांची समाधीही तेथेच आहे. सोलापुरात ज्या घरात ते वाढले, तेथे स्मारक उभे राहिले. क्वो छिंगलान यांनी पुढील आयुष्यात अनेकदा भारतात येऊन सासरच्या माणसांशी नाते जपले. २०१२ साली त्यांचे निधन झाले. यिनहुआ मात्र वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ साली गेला. या मायलेकरांनी जे सोसले, ते स्मारकांच्या शिळांवर लिहिलेले नाही. त्यागाची किंमत केवळ त्याग करणारा मोजत नाही. त्याच्या मागे राहिलेल्यांनाही ती मोजावी लागते, हे विसरून आपण थोरांच्या कथा वाचतो, तेव्हा त्या कथा अर्ध्याच वाचलेल्या असतात.

पुढे १९६२ साली भारत आणि चीन यांच्यात युद्ध झाले. मैत्रीच्या घोषणा विरल्या. नंतरही संबंधांत अनेक चढउतार आले. पण राज्यकर्त्यांचे करार मोडले, तरी एका खेड्यात एका परक्या डॉक्टरने एका जखमीची जखम धुतली होती, ही घडलेली गोष्ट कोणालाही रद्द करता आली नाही. चीनमध्ये वसंत ऋतूत पितरांच्या स्मरणाचा दिवस येतो, तेव्हा लोक आजही 'क दीहुआ' यांच्या समाधीवर फुले वाहतात.

आजही कितीतरी डॉक्टर, परिचारिका आणि विद्यार्थी थोड्या दिवसांसाठी दूरच्या देशांत सेवेसाठी जातात. कोणी धर्मश्रद्धेने जातो, कोणी माणुसकीने, कोणी जग पाहण्याच्या ओढीनेही जातो. भूकंपानंतर, पुरानंतर, साथीच्या काळात असे हात उपयोगी पडतातच. प्रत्येकाने कोटणिसांप्रमाणे तेथेच राहावे, असे कोणी म्हणणार नाही. तसे राहणे सर्वांना शक्य नसते आणि सर्वांसाठी योग्यही नसते. परंतु जेथे आपण जातो, तेथल्या माणसांची भाषा आपण किती ऐकली आणि आपण निघाल्यावर त्यांच्या हाती काय उरले, एवढे दोन प्रश्न त्या सोलापूरच्या डॉक्टरने प्रत्येक स्वयंसेवकासाठी मागे ठेवले आहेत.

वचन एका वर्षाचे होते. ते पाळून अभिमानाने परतता आले असते. कोटणिसांनी वर्ष मोजले नाही. त्यांनी उरलेले काम मोजले. ते संपले नाही म्हणून त्यांची परतीची बोट कधी निघालीच नाही.